साडेतीन पुरुष अंतरावरून

शनिवारची दुपार. जेवणं झालेली, बायको माहेरी, आणि आमचे चिरंजीव (वय वर्षे चौदा) हेडफोन लावून काउंटर-स्ट्राइक 2 खेळत बसलेले. मी मागे उभा राहून बघत होतो. बंदुका विकत घ्यायची वेळ आली तेव्हा सहज म्हटलं, "ती नोवा घे की." त्याने मान वळवून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी त्याला गॅदरिंगला धोतर नेसून जायला सांगतोय.

"बाबा, शॉटगन कोण घेतं?"

आता याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख. :)

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काउंटर-स्ट्राइक 1999 मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर कलम करून बनवला. एका बाजूला अतिरेकी, दुसऱ्या बाजूला पोलीस. अतिरेक्यांनी बॉम्ब लावायचा, पोलिसांनी लावू द्यायचा नाही. एकदा मेलात की राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्याची 1.6 ही आवृत्ती 2003 मध्ये आली आणि भारतातल्या तमाम हॉस्टेलांत, सायबर कॅफेंत आणि (मॅनेजमेंटची क्षमा मागून) हापिसांत पसरली. आमच्या हिंजवडीच्या हापिसात संध्याकाळी सातनंतर दहा मशीन लॅनवर जोडली जायची आणि हरलेल्या टीमने खाली टपरीवर वडापाव द्यायचे. 2007 सालची गोष्ट सांगतोय.

मी तेव्हाही भिकार खेळायचो, पण चारचौघांसारखा भिकार. एके-47 घ्यायची, पळत सुटायचं, समोर कोणी दिसला की बटण दाबून धरायचं. एके झाडताना वर उचलली जाते, म्हणून माऊस सतत खाली ओढत राहावा लागतो. हे सगळं मनगटाचं काम. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात माझं उजवं मनगट गेलं.

'गेलं' म्हणजे अचानक नाही गेलं. आधी नुसती मुंगी आल्यासारखं व्हायचं. मग सकाळी पेस्टचं झाकण उघडेना. मग एक दिवस स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "कॉम्प्युटर कमी वापरा." मी हसलो. ते हसले नाहीत. घराचं कर्ज नुकतंच काढलेलं, प्रोबेशन जेमतेम संपलेलं, आणि ज्याचं पोट टायपिंगवर त्याला टाइप करता येत नाही ही बातमी मॅनेजरला कोण सांगणार? मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. खेळायला मात्र बसत राहिलो, कारण एकदम खेळायचं सोडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं ना, का म्हणून!

ओळखलं ते आमच्या टेस्टरने. हा गडी कोल्हापूरचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, खेळात सगळ्यात शांत. एका संध्याकाळी मी सलग चार राउंड पहिल्या अर्ध्या मिनिटात मेलो. तो खुर्ची सरकवत आला आणि हळूच म्हणाला, "भावा, हात दुखतोय न्हवं?" मी नाही म्हणालो. "मग दुपारी जेवताना पाण्याची बाटली डाव्या हातानं का उचलालास?"

टेस्टरच तो. बग सापडणारच.

त्याने माझा माऊस उचलून कीबोर्डच्या डावीकडे ठेवला. सेटिंगमध्ये जाऊन माझी हालचाल बाणांच्या बटणांवर आणली, हळू चालायचं बटण उजव्या कंट्रोलवर. डाव्या हाताने मला साधी फाइल उघडता येत नव्हती, माणूस कुठला मारणार! तेव्हा तो म्हणाला, "ह्या हातानं नेम लागणार न्हाई. मग नेम लागतच न्हाई अशी बंदूक घे." आणि त्याने बी, दोन, एक अशी बटणं दाबली. किंमत 1700 डॉलर. एम3, पंपवाली शॉटगन. इटलीच्या बेनेली कंपनीच्या खऱ्या बंदुकीवरून घेतलेली.

माझी प्रतिक्रिया आज माझ्या पोराची आहे तीच होती.

पण मी इंजिनिअर माणूस, आकडे दिसले की विरघळतो. या बंदुकीचे आकडे फार गमतीचे आहेत. एका बारात नऊ छर्रे सुटतात. प्रत्येक छर्रा अगदी नळीला टेकवून 20 नुकसान करतो, आणि अंतर वाढेल तसं ते सरळ रेषेत घटत जातं. खेळाच्या मापात 3000 एककांवर शून्य. (खेळातला माणूस 72 एकक उंच असतो.) विहिरीचं पाणी जसं पुरुषांत मोजतात तसं मोजायचं तर एकूण पल्ला साधारण चाळीस पुरुष. पण खरी मेख त्या पल्ल्यात नाही, छर्रे पसरण्यात आहे. चौदा पुरुष अंतरावर छर्ऱ्यांचा फुलोरा माणसाच्या रुंदीच्या चौपट होतो, म्हणजे बहुतेक छर्रे भिंतीची सेवा करतात. साडेतीन पुरुष अंतरावर मात्र हा फुलोरा माणसाएवढाच राहतो आणि जवळपास सगळे छर्रे बसतात. या दोन अंतरांमध्ये जे काही आहे तिथे गोळी झाडणं म्हणजे आपण कुठे आहोत ते पत्रक काढून कळवणं.

आणि एक गोष्ट. एके किंवा एम4 पळताना झाडली तर गोळ्या कुठेही जातात, उडी मारताना तर विचारूच नका. एम3 चा फुलोरा तुम्ही उभे असा, पळत असा की हवेत असा, तेवढाच राहतो. हे मला कळलं तेव्हा च्यायला, मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. डावखुऱ्या सोंगासाठीच बनवलेली बंदूक!

अर्थात एवढं कळूनही पहिला आठवडा मी मारच खाल्ला. समोरच्याने केव्हलार घातलं असेल तर छर्ऱ्यांचं नुकसान निम्मं होतं. म्हणजे नऊच्या नऊ छातीवर बसले तरी 90. तो दहा टक्क्यांवर जिवंत, आणि मी पंप ओढतोय. दोन बारांच्या मध्ये पाऊण सेकंदाहून जास्त वेळ जातो. समोर एके असेल तर तेवढ्यात आपली तेराव्याची तयारी होते. टेस्टरसाहेबांचा उपाय साधा होता. छातीवर नको, गळ्यावर धर. नवातले एक-दोन जरी डोक्याला लागले तरी डोक्याचं नुकसान चौपट. त्या दिवसापासून मी गळ्याकडे बघून खेळतो.

पण खरी अडचण नेमाची नव्हतीच, माझ्या पायांची होती. मला एका जागी थांबवत नसे. डस्ट2 नावाच्या नकाशात बी जागेकडे येणारा एक अंधारा बोगदा आहे. मी पोलीस असलो की बोगद्यात घुसायला बघायचो. लांबून एके वाजायची, मी आडवा. कोल्हापूरहून आवाज यायचा, "अरं येतोय की तो! तू कशाला जाऊलालास? बस की जरा."

बसणं शिकायला मला दोन महिने लागले. बोगद्याच्या तोंडाशी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. उजेडात, अगदी जवळ, जिथे कोणी असेल असं बाहेर येणाऱ्याला वाटतच नाही. तो लांबचे कोपरे बघत येतो. हलायचं नाही, कारण हललात की पावलांचा आवाज. बंदूक बदलून बघायची नाही, त्याचाही आवाज. मग बोगद्यातून पावलं ऐकू येतात, आधी एकाची, मग तिघांची. पहिला बाहेर येतो आणि हात शिवशिवतो. त्याला दोन पावलं पुढे येऊ द्यायचं! पहिला दाराच्या चौकटीत मेला तर मागचे दोघे आतच थांबतात आणि वरून बॉम्ब फेकतात. तो पुढे गेला की दुसरा येतो, आणि मग दोघेही साडेतीन पुरुषांच्या आत असतात. एक बार, भिंतीमागे एक पाऊल, पंप, पुन्हा बाहेर, दुसरा बार. बाहेर उभं राहून पंप ओढणारा मरतो.

गोळ्या भरण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. एम3 मध्ये आठ काडतुसं, आणि ती एकेक करून भरायची. आठही भरायला चार सेकंद लागतात, पण मध्येच कोणी आला तर जेवढी भरली तेवढ्यावर लगेच झाडता येतं. आम्हा प्रोग्रॅमर लोकांना दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायची खोड असते. तीच खोड घेऊन मी एके खेळायचो, आणि अर्धं मॅगझिन शिल्लक असताना भरायला गेलो की हमखास मरायचो. इथे ती खोड कामाला आली. एक बार काढला की एक काडतूस आत. दर कमिटला टेस्ट चालवावी तसं.

शिव्या पडल्या, भरपूर पडल्या. कॅम्पर, कोपऱ्यातला उंदीर, एकाने तर 'पेन्शनर' असं बारसंच करून टाकलं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. लांब मोकळ्या रस्त्यावर मी टीमला ओझंच होतो, आणि चार जण लढत असताना पाचवा भिंतीला चिकटून उभा असला की राग येणारच. शॉटगनवाल्याने आपली जागा नीट निवडली नाही तर तो अख्खा राउंड फुकट घालवतो, हे मी मान्य करतो. पण दिवाळीपर्यंत बोगद्यातून येण्याआधी लोक थांबून विचार करायला लागले होते, हेही खरं. सतरा सेकंद थांबले तरी सतरा सेकंद आमचे.

त्या काळात आणखी एक गोष्ट चालली होती आणि ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही. माझं मनगट सगळ्यात वाईट होतं ते तीन महिने, खेळ संपून सगळे गेले की टेस्टर माझ्या शेजारी बसायचा. मी तोंडाने कोड सांगायचो आणि तो टाइप करायचा. कंस, अर्धविराम, नवी ओळ. रोज तासभर, कधी दीड. मध्ये चूक दिसली की "हितं नल आला तर?" म्हणून थांबायचा. मॅनेजरने त्या तिमाहीत माझ्या कोडमध्ये दोष कमी निघतात म्हणून सगळ्यांसमोर कौतुक केलं. तो मागच्या रांगेत बसून चहा पीत होता. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर हाताचं बाहेर आलं असतं.

फेब्रुवारी 2009 मध्ये मंदीची यादी निघाली. तोवर माझा हात बराच सुधारला होता. टेस्टिंगमधली सहा नावं होती, त्यात त्याचं. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे जमले, पण मशीनं लावायचा कोणाला मूड नव्हता. तोच म्हणाला, "लावा की, एक डस्ट2 होऊन जाऊ दे." तो त्या दिवशी अतिरेक्यांकडे होता. मी बोगद्याच्या तोंडाशी उभा. पावलं आली. मी ओळखली, तो नेहमी बोगद्याच्या शेवटच्या वळणावर एक क्षण थांबायचा. थांबला. मग बाहेर आला आणि थेट माझ्याकडे वळून मारलं. शिकवलेली जागा त्याला ठाऊक असणारच ना!

मी त्याला तेव्हाही काही बोललो नाही. चार-पाच वर्षांनी एकदा फोनवर कंस-अर्धविरामाचा विषय काढला, तर म्हणाला, "जाऊ दे रे, मला जावा फुकटात शिकायला मिळाली." आता त्याचं कोल्हापुरात स्वतःचं छोटं दुकान आहे सॉफ्टवेअरचं. बरं चाललंय.

असो. तर चिरंजीव. 2012 च्या सीएस:गो पासून एम3 ची जागा नोवाने घेतली. पुढे ती 1050 डॉलरला मिळू लागली, आणि हिने मारलं तर एरवीच्या 300 ऐवजी 900 बक्षीस, म्हणजे घ्या हो कोणीतरी असं कंपनीच विनवतेय. हे सगळं मी पोराला ऐकवलं. शेवटी कंटाळून त्याने खुर्ची सोडली. मी माऊस डावीकडे घेतला (तो अजून डावीकडेच असतो), नोवा घेतली आणि बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, हला ना. टीमवाले ओरडतायत."

"थांब रे, येतील."

पण कोणी आलंच नाही. सगळी लढाई तिकडे ए वर झाली, आमचे चौघे मेले, बॉम्ब फुटला आणि मी एकटा भिंतीला पाठ लावून उभा. पोरगं कपाळाला हात लावून बसलं. मी त्याला म्हटलं, मेलो नाही ना, म्हणजे पुढच्या राउंडला नोवा फुकट.