मासाब टँकचा स्टॉप

काचीगुडा, सुलतान बाजारच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. आज माझी एक, जरा टोचणारी.

३ डिसेंबर १९८८, शनिवार. बँकेचा अर्धा दिवस. आदल्याच दिवशी पाकिस्तानात बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या होत्या, वय अवघं पस्तीस. चहाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मीही ठोकून दिलं, "त्यांच्याकडे बाईचं राज्य? चालायचं नाही."

आमचे हेड कॅशियर जुन्या शहरातले. शांतपणे म्हणाले, "साब, रोज मासाब टँक पे बस पकडते. मासाब कौन थी, मालूम?"

मला वाटलं, असेल कुणी साहेब!

मासाब म्हणजे माँ साहेबा, हयात बक्षी बेगम. मुहम्मद कुली कुतुबशहाची मुलगी, पुढच्या सुलतानाची बायको, त्याच्या पुढच्याची आई. १६२६ मध्ये मुलगा अब्दुल्ला गादीवर आला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. कारभाराची सूत्रं आईच्या हाती. १६५६ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला, तेव्हा ही आजीबाई स्वतः त्याच्या छावणीत बोलणी करायला गेली. पैसा मोजावा लागला, नात औरंगजेबाच्या मुलाला द्यावी लागली. पण राज्य आणखी एकतीस वर्षं टिकलं.

शाळेत चांदबिबी पाठ केली होती. अहमदनगरचा किल्ला तिने कसा लढवला, वऱ्हाड देऊन तह कसा केला, सगळं घडाघडा सांगायचो. तरी तोंडातून निघालं काय, तर "चालायचं नाही".

मी गप्प झालो त्याचं कारण मात्र दुसरंच होतं. त्याच आठवड्यात आपल्यातल्याच एक वहिनी काउंटरवर आल्या होत्या. नवरा दुबईला. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून आठ वर्षांच्या मुलाच्या नावे खातं उघडायचं होतं. मी फॉर्म परत केला. "पालक म्हणून वडिलांची सही लागेल."

"भावजी, घर तर मीच चालवते ना?"

"नियम आहे, वहिनी."

बारा वर्षांच्या सुलतानाची आई खजिना सांभाळू शकत होती. माझ्या काउंटरवर आईची सही चालत नव्हती, आणि मी नावं ठेवत होतो पाकिस्तानला!

१९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वडील हयात असले तरी ते मुलाकडे पाहत नसतील, तर आईही नैसर्गिक पालक. पेपरात ते वाचलं आणि पहिल्यांदा त्या वहिनी आठवल्या. त्या पुन्हा आमच्या शाखेत आल्या नव्हत्या.

मासाब टँकला आता तलाव नाही, वर फ्लायओव्हर आहे. नाव तेवढं टिकलंय.

वहिनी, तुम्ही किंवा तुमचा मुलगा हे वाचत असाल, तर एवढंच सांगतो. नियमाच्या आड मी लपलो होतो. वरिष्ठांना एकदा विचारायला काय हरकत होती? तेवढंही केलं नाही. चूक माझी.