आठवड्याचं औषध रोज घेतलं तेव्हा

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पंच्याहत्तरीला आलेत. त्यांची सगळी नोकरी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत झाली. तरुणपणी तालमीत जायचे. तालीम सुटली, पण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय काही सुटली नाही. ते शिवाजी पेठेत दादा-वहिनींकडे असतात, मी राजारामपुरीत. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर जे बेतलं ते लिहिते आहे. ज्या औषधानं हे झालं ते आता घराघरांत आहे, म्हणून.

आदल्या पावसाळ्यात आप्पा मोरीजवळ घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. बाहेर जाणं बंद झालं. दूधसुद्धा दादा किटलीतून घरी आणायला लागला. थंडीत त्यांच्या कंबरेत आणि मांड्यांत दुखायला लागलं. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. डी जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम निघालं. २० च्या खाली गेलं की कमतरता धरतात, म्हणजे आप्पांची कमतरता खरीच होती. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पावडरची पुडी लिहून दिली. आठवड्यातून एक, असे आठ आठवडे. सोबत रोज एक कॅल्शियमची गोळी. त्यानंतर परत दाखवायला या, असं सांगितलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

गडबड पुढे झाली. दुकानात दोन्ही औषधं कागदी पाकिटांत घालून मिळाली आणि दोन्ही पाकिटांवर एकच खूण होती, सकाळी १. वहिनीनं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दुधातून द्या, ताकदीचं हाय." घरी चिठ्ठी इंग्रजीत होती, ती देवघराच्या खणात गेली. पाकिटावर लिहिलं होतं तसं रोज सकाळी दुधाच्या पेल्यात एक पुडी पडायला लागली. डबी संपली की दादा रिकामी पुडी दाखवून नवी आणायचा. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

सुरुवातीला आप्पांना बरं वाटलं. दुखणं कमी झालं, जिना चढायला लागले. पुडी गोड लागायची, ते स्वतःच आठवण करायचे. त्यामुळं कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. माझ्या मते या औषधाचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे. आधी गुण येतो, आणि गुण आला की माणूस तेच आणखी घेतो.

मार्च संपता संपता आप्पांचं जेवण कमी झालं. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. पोट साफ होईना, म्हणून इसबगोल सुरू झालं. मग तहान. उशाशी तांब्या ठेवला तरी रात्री दोनदा भरावा लागायचा, आणि तितक्याच वेळा लघवीला उठायचे. आम्हाला वाटलं साखर वाढली. तपासली तर बरोबर होती. "उन्हाळा हाय, तहान लागणारच की," असं आप्पाच म्हणाले आणि आम्ही गप्प बसलो.

नंतर ते दिवसभर झोपायला लागले. बोलताना मधेच थांबायचे. एकदा मी गेले तर मला आत्याच्या नावानं हाक मारली. आत्या जाऊन कैक वर्षं झाली. नातेवाईक म्हणाले, वय झालं, आता असंच चालायचं. मी मान डोलावली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चार महिन्यांपूर्वी हाच माणूस पेपरातलं कुस्त्यांचं पान मोठ्यानं वाचून दाखवत होता. म्हातारपण इतक्या घाईनं येत नाही, एवढं मला कळत होतं.

उलट्या सुरू झाल्या त्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. अंगातलं पाणी पार कमी झालं होतं. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं आप्पा वाचले, असं मी मानते. ते म्हणाले, "काका घरात जे जे घेतात ते सगळं एका पिशवीत घालून आणा. गोळ्या, पुड्या, काढे, चूर्णं, सगळं. रिकामी पाकिटंसुद्धा." दादा घरी जाऊन पिशवी भरून घेऊन आला. डॉक्टरांनी ती पलंगावर उपडी केली. ब्लड प्रेशरची गोळी, कॅल्शियमची पट्टी, इसबगोल आणि डीच्या पुड्या. पुडी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही कधी कधी देता?" वहिनी म्हणाली, "रोज सकाळी दुधातून." डॉक्टर क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी रक्ताच्या चाचण्यांत दोन नावं वाढवली.

संध्याकाळी रिपोर्ट आले. रक्तातलं कॅल्शियम १४.२. ते साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. क्रिएटिनीन २.४, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. डीचा आकडा नंतर आला, त्यावर लॅबनं १५० पेक्षा जास्त एवढंच लिहिलं होतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून नीट समजावलं. बी गटातली बहुतेक जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात. डी तसं नाही. ते चरबीत विरघळतं आणि कणगीत धान्य साठावं तसं शरीरात साठून राहतं. ते फार झालं की आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतात, हाडांतलंही रक्तात उतरतं. रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, अंगातलं पाणी आटतं, आणि पाणी आटलं की कॅल्शियम आणखी वर जातं. बद्धकोष्ठ, मळमळ, ग्लानी, भ्रम, सगळं त्यातूनच. आप्पांच्या ब्लड प्रेशरच्या गोळीत थायाझाइड जातीचं लघवीचं औषध होतं, तेही कॅल्शियम शरीरात धरून ठेवतं. वर रोजची कॅल्शियमची गोळी आणि म्हशीचं दूध. एकाच दिशेला ओढणाऱ्या चार गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

मग त्यांनी एक हिशेब सांगितला, तो मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट डी लागतं, आणि स्वतःच्या मनानं रोज घ्यायची वरची मर्यादा ४,००० युनिट आहे. म्हणजे ६०,००० ची एक पुडी ही शंभर दिवसांची गरज. आप्पा ती दोन महिन्यांच्या आसपास रोज घेत होते.

उपचारात पहिलं काम सगळं बंद करण्याचं. पुडी बंद, कॅल्शियम बंद, ब्लड प्रेशरची गोळी बदलली, दूध-दही काही दिवस बंद. शिरेतून सलाईन सुरू केलं, तेही हृदयावर भार येऊ नये म्हणून बेतानं, लघवी मोजत. कॅल्शियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढत होते. हाडांतून कॅल्शियम सुटू नये म्हणून एक इंजेक्शन दिलं, आणि थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. डायलिसिस लागेल का, असं मी विचारलं. "बघू," एवढंच उत्तर मिळालं. लागलं नाही. कॅल्शियम उतरायला लागलं तशी आप्पांची नजर जागेवर आली. एका सकाळी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारून चहा मागितला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

घरी आल्यावरही प्रकरण संपलं नाही. साठलेलं डी एकदम जात नाही, रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि फार साठा असेल तर त्याहून जास्त. पावसाळाभर आम्ही कॅल्शियम आणि क्रिएटिनीन तपासत राहिलो. क्रिएटिनीन हळूहळू खाली आलं. डी १०० च्या खाली यायला दिवाळी उजाडली.

वहिनी तेव्हा स्वतःला फार बोल लावून घ्यायची. डॉक्टरांनीच तिला सांगितलं की हे देशभर होतं. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली अशा दहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली आहे. उलट्या, तहान, भ्रम, मूत्रपिंडांचा त्रास, आप्पांचीच लक्षणं. त्यांतल्या सगळ्यात कमी घेतलेल्या माणसाच्या पोटातसुद्धा काही महिन्यांत ३६ लाख युनिट गेले होते.

याच काळात शेजारच्या काकूंनी सुचवलं की पुड्यांची भानगडच नको, सहा लाख युनिटचं एक इंजेक्शन घेतलं की वर्षाची काळजी मिटते. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचं सांगितलं. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले होते. त्या बायका कमी पडायच्या सोडून जास्त पडल्या, आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. एकदम मोठा डोस घेण्यापेक्षा थोडं थोडं घेतलेलं बरं, असं ते म्हणाले. काकूंना मी हे सांगून आले.

एवढं झाल्यावर घरात कुणी डीचं नाव काढू नये असं वाटायचं. पण मग माझेच हातपाय दुखायला लागले. शाळेत दिवसभर वर्गात, घरी आल्यावर स्वयंपाकघरात, सुटीला पडदे ओढून झोप. तपासलं तर १४. घाबरत घाबरत मी त्याच तरुण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तीच ६०,००० ची पुडी लिहून दिली. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "औषध वाईट नाही ताई. माप चुकलं होतं." मुतखडा झालाय का, मूत्रपिंडाचा विकार, टीबी, आणखी कुठली औषधं, हे त्यांनी आधी विचारलं. या सगळ्यांत डी देताना जास्त जपावं लागतं. कॅल्शियमही आधी तपासलं.

पुडी घेण्याचा वार मी रविवार ठरवला. कालनिर्णयवर आठ रविवारांना पेनानं गोल केले, पुडी घेतली की गोलावर फुली. दुपारच्या जेवणानंतर घ्यायची, कारण तेल-तुपाच्या जेवणाबरोबर ती चांगली शोषली जाते. आठ संपल्यावर दुकानात परत गेले नाही. महिनाभरानं तपासलं, ३४ झालं होतं. आता महिन्याला एकच, तीही डॉक्टरांना विचारून. घरातल्या कॅल्शियमच्या पट्टीमागची बारीक अक्षरंही वाचली. बहुतेक गोळ्यांत २५० किंवा ५०० युनिट डी असतंच, तेही हिशेबात धरायचं. आणि कॅल्सिट्रायोल नावाची गोळी वेगळी असते, ती डीचं तयार, जोरकस रूप आहे. नावं सारखी वाटतात म्हणून एकीच्या जागी दुसरी घेऊ नये.

उन्हाबद्दलही माझा समज बदलला. आप्पा लहानपणापासून सांगत आले की सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं. ते ऊन सुखाचं असतं, पण त्यात डी तयार करणारे किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. कोल्हापुरात ते साधारण अकरा ते तीनच्या मधलं. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. एम्सच्या डॉक्टरांनी २००० साली दिल्लीतल्या निरोगी लोकांचं डी मोजून प्रसिद्ध केलं होतं. उन्हात राबणाऱ्या सैनिकांचं बरं निघालं, दवाखान्यात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेसचं कमी. आमच्याकडे जूनपासून आभाळ भरलं की आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, म्हणून मी उन्हाळ्यात आणि थंडीत सुटीच्या दिवशी गच्चीवर वाळवणाचं काम दुपारीच काढते. खाण्यातून फारसं मिळत नाही. मासे आणि अंड्याच्या बलकात थोडं असतं. तांबडा-पांढरा रस्सा कितीही ओरपला तरी डी भरत नाही, आणि साध्या दुधातही ते नगण्यच असतं. पिशवीवर एफ आणि अधिकची निळी खूण असेल तर त्या दुधात वरून घातलेलं असतं.

आप्पा आता पुन्हा गंगावेशीला जातात, दादाबरोबर. डॉक्टरांनी एक पेला दुधाची परवानगी दिली आहे. डीची गोळी सध्या काहीच नाही, दर काही महिन्यांनी तपासणी आहे.

औषध दुकानदारांना माझी एक विनंती आहे. साठ हजारांच्या पाकिटावर "सकाळी १" अशी खूण करू नका. मराठीत "आठवड्यातून एकदा" असं लिहा आणि गिऱ्हाइकाला विचारून वार घाला. आणि तुमच्या घरात अशी पुडी किंवा कॅप्सूल असेल तर आज चिठ्ठी काढून बघा. कुणी रोज घेत असेल तर ती थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन कॅल्शियम आणि क्रिएटिनीन तपासून घ्या. जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या.