एक छोटासा ब्रेक!

रविवारी विरार फास्टचं टेन्शन नसतं. त्यामुळे दहापर्यंत लोळणं हा आपला जन्मसिद्ध हक्क! पण त्या रविवारी डोळे चोळत बाहेर आले, तर डायनिंग टेबलवर पोह्यांच्या शेजारी दोन ब्रेक मास्टर सिलिंडर. एक १५.८७ मिलिमीटर बोअरचा, दुसरा १९.०५चा. आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्याचं काय आहे, रिटायर झाल्यापासून बाबा गाडी बांधतायत. भुईगावात, मित्राच्या वाडीतल्या शेडमध्ये. मॉडेल? लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये आणलेली ही टू-सीटर सुट्या भागांत मिळायची, कारण घरी जोडली की ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स वाचायचा. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने त्याच धाटणीची रोडस्टर बनवली होती. ती पाहिल्यापासून बाबांच्या डोक्यात हा किडा. अशी गाडी रस्त्यावर आणायची तर एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या आणि मंजुरी हवी. म्हणून आमची स्वारी वाडीतल्या वाडीतच फिरणार. पण वाडीच्या टोकाला बावखल आहे! वसईची ही जुनी तळी फोटोत मस्त दिसतात. बाबांना त्यात बघायची माझी इच्छा नव्हती.

''मोठा बसवू. पेडल कसं कडक हवं, रेसिंगसारखं,'' बाबा म्हणाले.

इंटरनेट आणि एका ओळखीच्या मेकॅनिककाकांच्या कृपेने मीही थोडा अभ्यास केला होता. हिशोब साधा आहे. पाय तोच, जोर तोच, पण बोअर लहान असेल तर प्रेशर जास्त. १५.८७मध्ये ते १९.०५च्या जवळजवळ दीडपट. फुकट मात्र काही नाही. पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. शिवाय हलकी गाडी म्हणून बूस्टर नाही. म्हणजे सगळी मदार पायावर. आणि बाबांच्या उजव्या गुडघ्याचं गेल्याच वर्षी ऑपरेशन झालंय. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणीच नव्हतं.

मी बाथरूममधला वजनकाटा आणला, भिंतीला टेकवला. ''बाबा, खुर्चीत बसा आणि ब्रेक समजून दाबा.''

आधी मी दाबला. पन्नास किलो. मग बाबा. ओठ घट्ट मिटले, खुर्चीचा हात पकडला. काटा पंचवीसवर थांबला.

कोणी काही बोललं नाही. आईने उगाचच पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली.

बाबांनी पेन्सिल उचलली. पेडलचं गुणोत्तर पाच, म्हणजे सिलिंडरवर १२५ किलो. मोठ्यात दर चौरस सेंटिमीटरला ४४ किलोचं प्रेशर, लहानात ६३. पेडलची चाल मात्र पाचऐवजी सात सेंटिमीटर. दोन्ही सिलिंडर टँडेम, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी वाचवणार. ''पण एकाच लाइनवर पेडल आणखी खाली जाईल,'' बाबा पुटपुटले, ''तेव्हाही फ्लोअरला टेकता कामा नये.'' मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, ''लहान बसवू. पेडलखाली जागा मी करतो.''

पुढच्या दोन रविवारी जागा झाली, लाइनमधली हवा काढून झाली. फ्लुइड डॉट ४, सीलबंद डब्यातला. तो हवेतली ओल शोषतो. कोरडा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरली की ही हद्द १५५वर येते. आणि वसईचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको.

इंजिन अजून बसायचंय. म्हणून ट्रायलला इंजिन मीच! आधी एक लाइन उघडी ठेवून पेडल दाबलं. फ्लोअरला टेकलं नाही. लाइन पुन्हा जोडली, हवा काढली. मग बाबा सीटवर, मी मागून धक्का देतेय, समोर बावखल. वीस फूट, पंधरा फूट...

''बाबा, ब्रेक!''

गाडी जागच्या जागी थांबली. मी मागच्या पॅनेलवर धडकले, कोपर सोलवटलं. बाबांनी मागे वळून पाहिलं. गुडघ्यावर हात होता, पण चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नव्हता.

''अजून एकदा?'' त्यांनी विचारलं.