आधीच्या नऊ महिन्यांची यादी

जन्मापासून मरणापर्यंत लागणारे सगळे सामान रायपूरच्या गोल बाजारात मिळते, असे तिथले जुने लोक म्हणतात. या बाजारातल्या एका मराठी कुटुंबाच्या किराणा दुकानात सासूबाई गेली चाळीस वर्षे गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाइकाने नुसते "जचकीचं सामान द्या" म्हटले, की डिंक, सुंठ, खारीक, खोबरे, हळीव, गूळ सारे काही त्या न विचारता बांधून देतात. जचकी म्हणजे बाळंतपण. ती यादी त्यांना तोंडपाठ आहे.

धाकट्या सुनेला ३६व्या वर्षी दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पण पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिच्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावली. पहिल्या खेपेला शेवटच्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला होता. आता वयही पस्तिशीच्या पुढे गेले होते.

सासूबाईंना ते मुळीच आवडले नाही. "चांगल्या कामात ही लाल खूण कशाला? पोरीला उगाच धसका बसायचा."

"आजी, ही खूण धसका घेण्यासाठी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्याकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायचं, एवढाच तिचा अर्थ. ही कुठल्याही दवाखान्यात गेली, तरी कार्ड पाहताच तिथल्या माणसाला ते कळावं."

जोखमीचे गर्भारपण म्हणजे काही पाप किंवा अपशकुन नव्हे. आधीच्या खेपेला वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जुळे, आधीचे सिझेरियन, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, आईचे वय फार कमी किंवा जास्त असणे, यांपैकी काहीही असले तरी जोखीम वाढते. अशा बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते. त्यासाठी जोखीम वेळेवर ओळखावी मात्र लागते.

सुनेच्या तपासण्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय, ७ च्या खाली गेले तर तो तीव्र समजतात. साखरेची तपासणी सुरुवातीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान झाली. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो, म्हणून तीही तपासणी झाली. पती-पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे ही तपासणी जितक्या लवकर होईल तितके बरे. सुनेचा अहवाल चांगला आला.

रक्तदाबासाठी डॉक्टरीणबाईंनी १२व्या आठवड्यापासून रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जोखीम असलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर, ३७ आठवड्यांपूर्वी बाळंतपण करावे लागेल अशा प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. मात्र ही गोळी सर्वांसाठी नसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

प्री-एक्लॅम्प्सिया म्हणजे गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंडासारख्या अवयवांवर ताण येणे. डॉक्टरीणबाईंनी धोक्याची लक्षणे सांगितली. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारी येणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, चेहरा आणि हात अचानक सुजणे. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येऊ शकतात.

"झटके" हा शब्द ऐकताच सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्या दुकानात गेल्याच नाहीत.

रात्री सुनेजवळ बसून त्यांनी जे सांगितले, ते त्या घरात कधीच कुणी बोलत नसे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, चेहरा सुजला. दोन दिवस ती डोके दुखते म्हणत होती. सुंठेचा लेप झाला, दृष्ट काढून झाली. तिसऱ्या पहाटे तिला झटके आले. कुणी म्हणाले बाहेरची बाधा, कुणी म्हणाले तिचे नशीब. लेकही गेली आणि बाळही.

"माझ्याच हाताने लेप लावला गं मी," त्या एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला रक्तदाब मोजायचे यंत्र आणायला सांगितले. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

३४व्या आठवड्यातल्या एका रात्री सुनेचे डोके ठणकू लागले. "आई, पित्त झालं असेल. सकाळी बघू," ती म्हणाली. सासूबाईंनी यंत्र लावले. आकडा १६०/११० आला.

"सकाळी नाही. आत्ताच निघायचं," त्या म्हणाल्या. मुलगा रिक्षा आणेपर्यंत त्यांनी कार्ड आणि कपड्यांची पिशवी दाराशी आणून ठेवली होती.

रुग्णालयात रक्तदाब उतरवण्याची औषधे आणि मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने सुरू झाली. ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्यापेक्षा कमी झाल्याचे २००२ साली दिसून आले होते. दुसऱ्या दिवशी सिझेरियन झाले. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची होती. काही दिवस तिला नवजात शिशू विभागात ठेवले, मग आईच्या छातीशी धरून ऊब देण्यात आली. बाळंतपणानंतरही धोका लगेच टळत नाही, म्हणून घरी आल्यावर वहीत आकडे लिहिणे सहा आठवडे चालूच राहिले.

सवा महिन्यानंतर सासूबाई पुन्हा गल्ल्यावर बसल्या. एक तरुण बायकोच्या जचकीचे सामान घ्यायला आला. तिला आठवा महिना लागला होता.

"सामान देते," त्या म्हणाल्या. "आधी सांग, तिचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?"

त्याला सांगता येईना. सासूबाईंनी बिलाच्या चिठ्ठीमागे रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, सिकलसेल असे लिहिले आणि त्याखाली धोक्याची लक्षणे लिहिली. शेवटी लिहिले, "दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते. घेऊन जाणे."

चिठ्ठी त्यांनी डिंकाच्या पुडीला दोऱ्याने बांधून दिली.