मुलाखत घरबसल्या

मुलाखतीचे बोलावणे मेलवर आले. बुधवारी सकाळी ११ वाजता, व्हिडिओ कॉलवर. सोलापूरहून पुण्यापर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची खेप वाचली म्हणून घरात सगळ्यांना आनंद झाला. तिच्या पोटात मात्र गोळा आला.

हिशेब खात्यातली नोकरी तिने २०१६ मध्ये सोडली होती. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरी कुणीतरी असणे भागच होते. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०१७ ला, जीएसटी लागू झाला. शिकलेले बरेचसे जुने झाले! म्हणून गेले आठ महिने रात्रीची भांडी आवरली, की ती जीएसटीची विवरणपत्रे समजून घेत बसे.

तयारीची सुरुवात जागेपासून झाली. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात कुकर. उरली आतली खोली. तिथे खिडकी पाठीशी आली, की पडद्यावर चेहरा काळवंडलेला दिसे. मग टेबल फिरवून खिडकी समोर घेतली. लॅपटॉपखाली स्टीलचे दोन डबे ठेवले, तेव्हा कुठे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आला. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवर शाळा शिकलेला मुलगा आता तिचा मास्तर झाला.

"आई, त्यांच्या चेहऱ्याकडे नको, कॅमेऱ्याकडे बघून बोल. तरच त्यांना वाटेल, तू त्यांच्याकडे बघतेयस."

वीज गेली तर वायफाय बंद पडणार, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडून पाहिला.

आदल्या रात्री सराव झाला. सासूबाई साहेब झाल्या. गव्हातले खडे निवडता निवडता त्यांनी विचारले, "मधली नऊ वर्षं काय करत होता?"

"काही नाही, घरीच होते."

सासूबाईंचा हात थांबला. "काही नाही? ह्यांच्या औषधांचा हिशेब, विम्याचे कागद, घरकर्जाचे हप्ते कोण बघत होतं? शेवटपर्यंत ह्यांची एक गोळी चुकली नाही. तेच सांग की!"

ती गप्प झाली. उजेड, कॅमेरा, साडीचा रंग, सगळे तिने जमवले होते. याच एका प्रश्नाची तयारी करायची राहिली होती.

बुधवारी ऐन मुलाखतीत वीज गेलीच! दोन मिनिटांत ती हॉटस्पॉटवरून पुन्हा जोडली गेली आणि दिलगिरी व्यक्त करून पुढे बोलू लागली. थोड्या वेळाने तो प्रश्नही आला. तिने कॅमेऱ्याकडे पाहिले.

"सासरे अंथरुणाला खिळून होते. त्यांची शुश्रूषा आणि घराचा सगळा हिशेब माझ्याकडे होता. आठ महिन्यांपासून जीएसटी शिकतेय."

आवाज कापला नाही.

निकाल कळायला आठवडा होता. कॉल संपल्याची चाहूल लागताच दाराबाहेरून सासूबाईंनी विचारले, "झालं का गं? आता कुकर लावू?"