हत्यारांच्या ड्रॉवरमधला कॅमेरा

आमच्या घरातला कॅमेरा टेस्टर, पकड, चिकटपट्टी आणि जास्तीच्या फ्यूजवायरसोबत एकाच ड्रॉवरमध्ये राहतो. पाहुणे हसतात. पण तो तिथे कुणी टाकून दिलेला नाही, काम करता करता स्वतःहून तिथे पोचलेला आहे.

२००७ साली नवऱ्याने तो पुण्याहून आणला, तेव्हा बेत अर्थातच वेगळा होता. कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस. सात मेगापिक्सेल, चारपट झूम, मागे अडीच इंची पडदा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मुलगी लहान होती, गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं, रोल संपायची भीती नको म्हणून घेतला. त्या सहलीचे फोटो आहेत आणि ते कुणाच्याही सहलीच्या फोटोंसारखेच आहेत: समुद्र, डोळे बारीक केलेली माणसं, परत समुद्र. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फार नाही.

लग्नात तर हा कॅमेरा अगदीच गरीब होता. फ्लॅशची धाव जेमतेम साडेतीन मीटर, त्यामुळे चौथ्या रांगेतून काढलेल्या फोटोत पुढच्या बाईंचा अंबाडा लख्ख आणि नवरा-नवरी अंधारात. शिवाय सगळ्यांचे डोळे लाल. लेन्सला चिकटूनच फ्लॅश असला की उजेड सरळ डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग घेऊन त्याच वाटेने परत येतो. मोठ्या कॅमेऱ्यांत फ्लॅश वर आणि लांब असतो, म्हणून तिथे हे कमी दिसतं. त्यातून फोटो धुवायला टाकले की आणखी एक गंमत. कॅमेऱ्याची चौकट चारास तीन आणि स्टुडिओचा कागद सहा बाय चार. सहा इंच रुंदीला चित्राची उंची होते साडेचार, कागद चारच इंच. म्हणजे अर्धा इंच कुठून तरी जाणार. आमच्या हळदीकुंकवाच्या ग्रुप फोटोत तो मागे उभ्या असलेल्या उंच बायकांच्या डोक्यावरून गेला. तेव्हापासून मी फोटो काढताना वर मोकळी जागा सोडायला लागले. कुणाला ती उगाच सोडलेली वाटते, वाटू दे.

कॅमेऱ्याला खरं काम लावलं ते भावजींनी. त्यांचं साताऱ्यात कोरेगाव रस्त्याला मोटर भरायचं वर्कशॉप आहे. आजूबाजूला ऊस, विहिरी, बोअर. व्होल्टेज कमी-जास्त झालं, एक फेज गेला, की मोटर जळते आणि शेतकरी ती टेम्पोत घालून घेऊन येतो. आली की त्याला ती उद्याच हवी असते, कारण रात्रीच्या पाळीची लाइट आठवड्याने बदलते आणि पीक तर वाट बघत नाही.

मोटर भरायची म्हणजे जळालेली जुनी तार उपसून काढायची आणि त्याच खाचांत नवी भरायची. उपसण्याआधी सगळं टिपून ठेवावं लागतं: खाचा किती, एक कॉइल कितव्या खाचेतून निघून कितव्या खाचेत उतरते, कुठली टोकं एकमेकांना जोडली आहेत, बाहेर कुठल्या वायरी काढल्या आहेत. भावजी हे सिगारेटच्या पाकिटामागे नाहीतर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढत. त्यांचा हात चांगला आहे. पण एखादी अनोळखी मोटर आली, कुणीतरी आधीच अर्धवट उघडून बघितलेली, की चित्र काढण्यातच सकाळ जायची. एकदा मी डबा द्यायला गेले होते, पिशवीत कॅमेरा होता. ते म्हणाले, "वहिनी, याचा एक काढून ठेवता का?"

पहिले फोटो कामाचे निघाले नाहीत. जळालेली कॉइल कोळशासारखी काळी, त्यावर वार्निशचा थर, त्यावर फ्लॅश. मध्ये पांढरा डाग आणि भोवती काळोख, एवढंच दिसत होतं. मग फ्लॅश बंद केला. बाजूने बॅटरीचा झोत तिरका पाडला, म्हणजे तारेचा प्रत्येक फेरा आपली सावली टाकतो आणि वेगळा दिसतो. कॅमेरा स्टार्टरच्या पालथ्या पेटीवर ठेवला, जवळच्या फोटोसाठीचं, फुलाची खूण असलेलं बटण दाबलं, आणि हात हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. क्लिक. पडद्यावर फोटो मोठा करून बघितला तर कॉइलच्या गळ्याशी बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीसुद्धा मोजता येत होत्या. भावजी काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि मोटरचा खाचांचा भाग, स्टेटर, दुसऱ्या बाजूने फिरवून ठेवला.

यात कॅमेऱ्याचा मोठेपणा नाही, लहानपणाच कामी आला. या जातीच्या कॅमेऱ्यांतला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान असतो, साधारण ५.८ बाय ४.३ मिलिमीटर. जुन्या रोलच्या एका चौकटीत असे तीसेक मावतील. त्यामुळे अंधारात तो आंधळा होतो, रात्रीच्या फोटोत खसखस पेरल्यासारखे ठिपके येतात, आणि पाठीमागचं मऊ धूसर करून चेहरा उठावात आणायची ती मोठ्या कॅमेऱ्यांची ऐट त्याला जमत नाही. पण त्याच कारणाने जवळचं आणि थोडं लांबचं, दोन्ही एकदम स्पष्ट येतं. चेहऱ्याला हे दूषण. मोटरच्या पोटात मात्र पुढची कॉइल आणि तिच्यामागची खाच दोन्ही स्वच्छ दिसायला हवीत, तिथे हाच गुण. माझ्या ओळखीतले मोठा कॅमेरा गळ्यात घालून फिरणारे लोक या डबीला नाकं मुरडायचे. त्यांना कुणी पाच अश्वशक्तीची मोटर उघडून दिलेली नव्हती.

अर्थात फोटोने सगळं होत नाही. एका कॉइलमध्ये फेरे किती, हे उपसतानाच मोजावं लागतं, आणि तारेचा गेज मापायला मायक्रोमीटर लागतो. पण जोडणी कुठली कुठे, यावर नंतर डोकं खाजवायची पाळी येत नाही. मोटरवरची घासून गेलेली पाटीही अशीच वाचता येते. झोत अगदी आडवा धरला की ठोकलेले आकडे सावलीने उभे राहतात. नुसत्या डोळ्यांनी न दिसलेला अश्वशक्तीचा आकडा पडद्यावर वाचून भावजींनी गिऱ्हाइकाला सांगितला, तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं, जणू मीच काही मंतरलं होतं.

दुखणं होतं ते सेलचं. नाक्यावरच्या दुकानातले साधे पेन्सिल सेल घातले की लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबायची आणि पडद्यावर सेल बदला अशी पाटी. तेच 'संपलेले' सेल सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात घातले की घड्याळ पुढे महिनोन्महिने चालायचं. सासूबाईंचं मत पक्कं झालं, की कॅमेराच खोटं बोलतो. भावजींनी त्यांना समजावलं ते त्यांच्याच विहिरीवरून: रात्री लांबच्या लाइनवर बल्ब लागतो, पंखाही फिरतो, पण मोटर चालू करायला गेलं की व्होल्टेज बसतं आणि नुसता हूं आवाज येतो. तसंच हे. घड्याळ थेंबथेंब वीज घेतं. कॅमेऱ्याला लेन्स पुढे ढकलताना, फ्लॅश भरताना एकदम ओढ लागते, आणि साध्या सेलच्या आतला अडथळा एवढा, की तेवढ्यात त्याचा दाब खाली येतो. चार्जिंगचे निकेलवाले सेल कागदावर १.२ व्होल्टचेच, साध्यांपेक्षा कमी. पण ओढ लागली तरी ते बसत नाहीत. त्यातही जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्या-दीड महिन्यात बऱ्यापैकी रिकामे व्हायचे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप काढले, ते चार्ज करून ठेवले की वर्षभरानेही बरेचसे भरलेले असतात. ते हाती लागल्यावर घरातली निम्मी कुरकुर थांबली. सासूबाई मात्र घड्याळासाठी फुकटचे सेल मिळेनासे झाले म्हणून थोड्या नाराज होत्या.

त्यांनी या कॅमेऱ्याचा आपला असा एक उपयोग शोधून काढला होता. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. चंदेरी पत्र्यावर इतकी बारीक आणि फिकी छापलेली असते, की चष्म्यानेही लागत नाही. "गं, जरा काढ की," म्हणून पाकीट पुढे करायच्या. जवळून फोटो, मग बटण दाबून दाबून दहापट मोठा. एकेक आकडा पडदाभर. फोटो लगेच पुसून टाकायचा, ठेवायचं काय त्यात.

आणि रिमोट. टीव्ही चालू होत नाही, मग रिमोट बिघडला का टीव्ही? रिमोटच्या टोकाशी जो दिवा असतो तो अवरक्त किरण सोडतो, ते डोळ्यांना दिसत नाहीत. सेन्सरला मात्र थोडे दिसतात, कारण त्याच्यापुढे बसवलेली गाळणी ते किरण पुरते अडवत नाही. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक. नाही लुकलुकला तर आधी सेल बदलायचे. ही गोष्ट गल्लीत कळल्यावर संध्याकाळी शेजारची मुलं रिमोट घेऊन दारात यायला लागली. मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गात प्रकाशाचा धडा आला की कॅमेरा आणि रिमोट दोन्ही नेते. पुस्तकात अदृश्य किरण म्हटलेलं पोरं मुकाट्याने लिहून घेतात. पण स्वतःच्या घरच्या रिमोटमधून ते निघताना बघितले की बाकावर उभी राहतात.

साताऱ्यात राहून कासला नेला नाही असं कसं होईल. कास पठार इथून पंचवीसेक किलोमीटर, २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्यानंतरची गर्दी सगळ्यांनी पाहिली आहे. लोक रंगांचे गालिचे टिपायला येतात. मला तिथे सीतेच्या आसवांचा नाद. बोटाच्या पेराएवढं निळं-जांभळं फूल, आणि खाली चिखलात बारीक फुग्यांचे सापळे लावून सूक्ष्म जीव पकडणारी वनस्पती. पायवाटेच्या कडेला उकिडवं बसायचं, कॅमेरा पाच सेंटिमीटरवर न्यायचा आणि वारा थांबायची वाट बघायची. एवढ्या जवळून वरच्या भोकातून बघून उपयोग नाही. ते भोक लेन्सच्या वर आणि बाजूला असतं, त्यात फूल मध्यावर दिसतं आणि फोटोत अर्धं कापलेलं येतं. पडद्यावरच बघावं लागतं, आणि पडद्यावर पावसाचे थेंब. एका संध्याकाळी झिमझिमीत फ्लॅश उडाला आणि फोटोभर पांढरी वर्तुळं आली. लेन्ससमोरचे थेंब फ्लॅशने उजळले आणि जवळ असल्याने धूसर फुगले, इतकंच. पण आमच्या शेजारणीने तो फोटो पाहून हात जोडले. त्यांना मी काही समजावायला गेले नाही. परत आल्यावर कॅमेरा पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. आमच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे काचेचं काय घेऊन बसलात.

अशा छोट्या कॅमेऱ्यांचा काळ संपला हे खरंच आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यातले दहा कोटींहून अधिक असे खिशातले होते. पुढच्या दहा वर्षांत फोनने ती बाजारपेठ जवळजवळ पुसून टाकली. माझ्या फोनचा फोटो या कॅमेऱ्यापेक्षा बहुतेक वेळा चांगला येतो, त्यात वाद नाही. तरी भावजी वर्कशॉपमध्ये फोन वापरत नाहीत. ग्रीसचा हात पडदा ओळखत नाही. फोटो काढताना नेमका फोन वाजतो. आणि महिन्याने तो फोटो शोधायला गेलं तर सुप्रभाताच्या फुलांखाली, कुणाच्या बारशाखाली गाडलेला असतो. कॅमेऱ्याच्या कार्डात मोटरींशिवाय काही ठेवत नाही. प्रत्येक मोटरीच्या पहिल्या फोटोत गिऱ्हाइकाचं गाव खडूने बॉडीवर लिहिलेलं. तीच मोटर तीन वर्षांनी पुन्हा जळून आली, की जुना फोटो निघतो.

मध्यंतरी पुतणी कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी हा कॅमेरा मागून घेऊन गेली. त्यांच्यात म्हणे आता असे जुने कॅमेरेच चालतात, ते फ्लॅशने चपटे झालेले चेहरे, ते लाल डोळे, तेच हवं असतं. आम्ही जे दोष म्हणून सोसले ते तिला हौसेने हवे होते, मला जरा मजाच वाटली. कॅमेरा परत आला तेव्हा वाठारच्या साडेसात अश्वशक्तीच्या मोटरीनंतर सलग दोनशे पोरी होत्या, जिभा बाहेर काढलेल्या. भावजींनी सगळ्या शांतपणे बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला वेगळं कार्ड आणून दिलं. कॅमेरा कधीही ने, म्हणाले, पण सेल चार्ज करून आणायचे, आणि वाठारचा फोटो पुसलास तर तो शेतकरी तुझ्याकडे पाठवीन.