सुभेदार

माणसाने भ्यावे, पण भिण्यालाही काही दर्जा असावा, असे माझे मत आहे. वाघाला भ्यावे, सापाला भ्यावे, फार तर सासऱ्याला भ्यावे. मी मात्र 2006 सालची पहिली सहा महिने एका कोंबड्याला भिऊन काढली. आणि तोही स्वतःच्या पैशाने विकत आणलेल्या!

तेव्हा मी अक्कलकुव्याला मास्तर होतो. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, आणि भाड्याच्या घराला ऐसपैस परस. ते रिकामे कशाला ठेवायचे, म्हणून बाजारातून पाच गावठी कोंबड्या नि एक कोंबडा आणला. तांबूस अंग, हिरवट-काळी शेपूट, तुरा तर फेट्यासारखा. आम्ही त्याचे नाव सुभेदार ठेवले. ते त्याने मनावर घेतले, तिथेच घात झाला.

आधी तो माझ्या चपलेला टोची. मी हसून एक पाऊल मागे सरे. मग एक पंख जमिनीवर घासत, तिरका तिरका चालत येऊ लागला. शेवटी दोन्ही पाय पुढे करून उडीच घेऊ लागला. वर्गात माझ्या नुसत्या खाकरण्याने चाळीस मुले गप्प होत. परसात मात्र मी कडक उन्हातही छत्री घेऊन जाई.

जानेवारीत आमची सहा वर्षांची लेक अंडे आणायला गेली. सुभेदाराच्या पायामागचा काटा तिच्या डोळ्याखाली लागला. बोटभर वर लागता तर! जखम धुताना बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अहो, पोर की कोंबडा, काय ते एकदा ठरवा."

माझ्याने ठरवेना. तेवढ्यात 18 फेब्रुवारीला बातमी आली. आमच्याच जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला होता, देशात पहिल्यांदाच. तिकडे लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. आमच्या परसात एकीलाही काही झाले नव्हते. तरी रात्री जेवताना मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "साथीचे दिवस आहेत. सुभेदाराला ठेवणे बरे नव्हे."

"तो आजारी आहे का, बाबा?" लेकीने विचारले.

"नाही."

"आणि कोंबड्या?"

"त्यांना राहू दे."

"मग त्याला एकट्यालाच का?"

घास हातातच राहिला. जिच्या गालावर त्याची खूण होती, तीच त्याची वकील झाली होती. आणि साथीच्या आडून मी माझ्या भीतीचा सूड उगवू पाहत होतो. शेवटी सगळ्यांनाच खुराड्यात बंद ठेवले. सुभेदार वाचला.

पाऊस लागला, साथीची भीती ओसरली, खुराडे उघडले. पहिली उडी माझ्यावरच! भाजी घेऊन येणाऱ्या पाड्यावरच्या मावशींनी माझे छत्रीयुद्ध पाहिले आणि पाटी खाली ठेवून त्या मनसोक्त हसल्या.

"गुरुजी, तुम्ही मागे सरता, तो म्हणतो, जिंकलो. छत्री मारता, तो म्हणतो, हाही कोंबडाच. त्याच्याशी भांडू नका. उचला त्याला."

त्यांनी चार दाणे टाकले, त्याने मान खाली घालताच दोन्ही हातांनी पंख दाबून धरले आणि ते धूड माझ्या बगलेत दिले. "पाय धरा. आता कोंबड्यांसमोरून फिरा. निवला की खाली सोडा. पण तो दूर जाईपर्यंत जागचे हलू नका."

मी फिरलो. त्याचे काळीज माझ्या मनगटावर धडधडत होते. माझेही धडधडत होते. दोघेही भ्यालेले, त्याचे भय काट्यातून बाहेर पडे, माझे छत्रीतून, एवढाच फरक.

पुढे वाचनात आले, की कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने 1920 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते जगापुढे मांडले. आमच्या परसातला क्रम मीच, एकेक पाऊल मागे सरून, ठरवून दिला होता.

दोन-तीन आठवडे रोज ही मिरवणूक निघाली. सुभेदार साधू झाला नाही. अधूनमधून पंख घाशी, पण मी उभा राहिलो की मान वळवून निघून जाई. भीती गेल्यावर तो मला प्रथमच नीट दिसला. दाणा सापडला की कुटुकुटु करून कोंबड्यांना बोलावी, आणि त्या टिपून होईस्तोवर स्वतः थांबे. घारीची सावली पडली की सगळ्या झुडपाखाली, हा मात्र उघड्यावर. आमच्यावरचा त्याचा राग म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पडलेली राखणच होती. तरी लेकीला एकटीला परसात मी पुन्हा कधी सोडले नाही. समजूत पटली म्हणून काटा बोथट होत नाही.

बदली झाली तेव्हा सगळी फौज मावशींच्या स्वाधीन केली. जाताना सुभेदाराने मागे वळूनही पाहिले नाही.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीला लेक घरी आली होती. पहाटे तिच्या मोबाइलमधून अचानक कोंबडा आरवला. अभ्यंगासाठी तिने मुद्दाम तोच गजर लावला होता. डोळ्याखालच्या पुसट रेघेवर बोट ठेवून ती हसू लागली.

मी हसलो नाही. झोपेत माझा हात उशाशी छत्री शोधत होता.